अप्पांनी रेडिएटरवर पाणी सोडलं

गाडीखालचा हिरवा डाग पहिल्यांदा दिसला तो तळमजल्यावरच्या काकूंना. आणि काकूंना एखादी गोष्ट दिसली की ती फार वेळ त्यांच्या एकटीची राहत नाही. शनिवारी सकाळी अप्पा पेपर आणायला म्हणून खाली उतरले, तेव्हा पार्किंगमध्ये काकू, पहिल्या मजल्यावरचे पाणीसाहेब आणि सोसायटीचे सेक्रेटरी असे तिघे त्यांच्या गाडीभोवती गंभीरपणे उभे होते. त्यांचे चेहरे बघून अप्पांना क्षणभर वाटलं, गेली गाडी.

"अप्पा, तुमची गाडी गळतेय हो," काकू म्हणाल्या.

अप्पा वाकले. बॉनेटच्या बरोबर खाली हिरवं पाणी साचलं होतं. त्यांनी त्यात बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि जाणकार आवाजात जाहीर केलं, "कूलंट आहे. रेडिएटर गेला."

आता हे शब्द अप्पांनी इतक्या अधिकाराने का उच्चारले, तर अप्पा विमा कंपनीत मोटारींच्या दाव्यांच्या विभागात होते. गाडीचा असा एकही भाग नव्हता ज्याच्या भरपाईचा दावा अप्पांनी कधी ना कधी फेटाळला नव्हता. रेडिएटर तर त्यांचा खास. तो प्रत्यक्षात दिसतो कसा हे मात्र त्यांना नीटसं माहीत नव्हतं, कारण दाव्याबरोबर नुसते फोटो यायचे आणि फोटो अस्पष्ट आहे याच कारणावरून अप्पा दावा फेटाळायचे.

एरवी अप्पांनी हे प्रकरण निवांत घेतलं असतं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंचा निरोपसमारंभ होता. बाई म्हणजे अप्पांची बायको. शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून शाळेत बाई, जिन्यात बाई, भाजीवाल्याकडे बाई, आणि लग्नाला पुरेशी वर्षं झाल्यावर अप्पांच्या तोंडातही बाईच बसलं. नोकरीची सगळी वर्षं त्या बसने गेल्या. एका खांद्याला पर्स, दुसऱ्या हातात वह्यांची पिशवी, आणि कंडक्टर ओळखीचा असूनही उभ्याने प्रवास. गाडी घरात होती, पण ती अप्पांच्या ऑफिसला जायची आणि शाळा पडली नेमकी उलट्या दिशेला. बाईंनी कधी कुरकुर केली नाही. फक्त गेल्या महिन्यात कपड्यांच्या घड्या करता करता त्या म्हणाल्या होत्या, "शेवटच्या दिवशी तरी मला शाळेच्या फाटकाशी आपल्या गाडीतून उतरायचंय. बाकी काही नको."

बाकी काही नको या शब्दांचा अर्थ संसारी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. अप्पा त्या दिवसापासून दर रविवारी गाडी पुसत होते.

"धाकट्याला फोन करा," बाईंनी डाग बघितल्याबरोबर सांगितलं. धाकटा म्हणजे बाईंचा भाऊ. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याचं गॅरेज होतं.

"धाकट्याला? एवढ्याशा गळतीसाठी?" अप्पा म्हणाले. यामागे जरा इतिहास होता. मागे अप्पांनी घरातला मिक्सर दुरुस्त केला होता, आणि तेव्हापासून धाकटा त्यांच्याकडे आला की चहाचा कप घेऊन मिक्सरपासून लांब, दाराजवळ बसायचा. काही बोलायचा नाही. नुसता बसायचा. त्या बसण्याने अप्पांच्या काळजाला घरं पडायची. "मी करतो. उद्या दुपारपर्यंत गाडी टकाटक नाही झाली तर नाव बदलून टाकीन."

"उद्या, अहो. उद्या आहे माझं," बाई म्हणाल्या आणि वर गेल्या. त्यांनी आवाज अजिबात चढवला नव्हता, म्हणून अप्पांना जास्त धडकी भरली.

अप्पांनी बाह्या सरसावल्या. तेवढ्यात सेक्रेटरींनी हात वर केला.

"एक मिनिट. पार्किंगमध्ये वाहनदुरुस्तीला बंदी आहे. नियम आहे तसा."

"दुरुस्ती कुठे करतोय मी? देखभाल करतोय."

सेक्रेटरी विचारात पडले. ते नियमाचे पक्के होते, पण अन्यायी नव्हते. "बॉनेट उघडलंत तर देखभाल. कपड्याने पुसलंत तर देखभाल. पण पाना लावलात की दुरुस्ती."

"आणि पाना न लावता हाताने पिळलं तर?"

"तो मुद्दा कमिटीपुढे ठेवावा लागेल. पुढच्या महिन्यात मीटिंग आहे, तुम्ही अर्ज देऊन ठेवा."

हे असलं उत्तर अप्पांनी स्वतः टेबलापलीकडच्या माणसांना इतक्या वेळा दिलं होतं, की टेबलाच्या या बाजूने ते किती कडू लागतं हे कळून ते अवाक झाले. शेवटी असं ठरलं, म्हणजे सेक्रेटरी गेल्यावर ठरलं, की अप्पांनी पाना शर्टाच्या आत ठेवायचा आणि पाणीसाहेबांनी जिन्याशी पहारा द्यायचा. सेक्रेटरी दिसले की त्यांनी खोकायचं. पाणीसाहेबांना मुळातच दम्याचा त्रास होता, त्यामुळे अप्पांचा अर्धा दिवस पाना लपवण्यात गेला.

काकूंकडे मात्र पाना न लावता होणारा उपाय होता. "माझ्या भाच्याने अंड्याचा पांढरा बलक घातला होता. पाणी तापलं की अंडं शिजतं आणि जिथे भोक असेल तिथे जाऊन घट्ट बसतं. भाचा इंजिनिअर आहे हो माझा."

भाचा कसला इंजिनिअर, हे विचारायचं राहून गेलं. अप्पांना त्या उपायातली तर्कशुद्धता भलतीच आवडली. अंडं भोकात जाऊन बसेल हे त्यांना पटलं. ते भोकातच का बसेल, बाकीच्या नळ्या मोकळ्या का सोडेल, हा प्रश्न त्यांना पुढे बऱ्याच उशिरा सुचला. गाडी रात्रभर उभी होती, त्यामुळे रेडिएटरचं टोपण बिनघोर उघडता आलं. काकूंनी स्वतःच्या हाताने बलक वेगळा करून ओतला आणि पिवळा भाग वाया नको म्हणून वाटीतून घरी नेला. अप्पांनी इंजिन चालू केलं.

थोड्याच वेळात पार्किंगमध्ये नाश्त्याचा वास सुटला. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडून विचारलंही, "काय बेत आहे आज?" गळती होती तशीच होती. फरक एवढाच, की आता जे गळत होतं त्याला फेस होता.

"उपाय लागू पडतोय," काकू म्हणाल्या. "घाण बाहेर पडतेय सगळी."

अप्पांनी इंजिन बंद केलं, गाडी पूर्ण निवेपर्यंत वर जाऊन अंगावर पेपर पांघरून पडले आणि दुपारी मनाशी निर्धार करून गाडीखाली शिरले. रेडिएटरच्या तळाशी एक जाड रबरी पाइप होता आणि पाइपावर एक पत्र्याची क्लिप. अप्पांनी शर्टातून पाना काढला, क्लिप सैल केली आणि उत्सुकतेपोटी पाइप जरासा ओढला. रेडिएटरमध्ये जे काही होतं ते सगळं, अंड्यासकट, अप्पांच्या छातीवर आलं. ते ओरडले नाहीत, कारण तोंड उघडायची सोय नव्हती. त्याच वेळी पाणीसाहेब खोकले. अप्पा हिरव्या थारोळ्यात तसेच पडून राहिले आणि सेक्रेटरींचे बूट गाडीला प्रदक्षिणा घालून जाईपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरला.

पण इथे एक गोष्ट अप्पांच्या बाजूने सांगायलाच हवी. त्यांना खरोखरच दोष सापडला. रबरी पाइपाचं तोंड उलून त्याला चीर गेली होती. अप्पांनी स्वयंपाकघरातून सुरी आणली, चिरलेलं टोक कापून टाकलं, उरलेला पाइप ओढून पुन्हा बसवला आणि क्लिप अशी आवळली की हाताला फोड आले. कुठल्याही गॅरेजमध्ये याहून वेगळं काही केलं नसतं. त्या संध्याकाळी अप्पा आंघोळ करून गॅलरीत उभे राहिले, तेव्हा त्यांना आपल्याबद्दल जे वाटत होतं ते लग्नातही वाटलं नव्हतं.

"अहो, माझी सुरी हिरवी कशाने झाली?" आतून बाईंनी विचारलं.

"पालेभाजी असेल."

"आज पालेभाजी केलीच नव्हती."

सुरी कचऱ्यात गेली आणि विषय तिथेच थांबला.

अप्पांना तिथेच थांबता आलं असतं तर ही गोष्ट सांगायचं काही कारण उरलं नसतं. पण रविवारी दुपारी, आता फक्त पाणी भरायचं बाकी असताना, त्यांना हुक्की आली की धाकट्याला फोन लावावा. आत काय भरायचं ते विचारायचं, हे निमित्त. खरं कारण म्हणजे आपण एकट्याने रेडिएटर बरा केला हे त्याच्या कानावर घालायचं होतं. त्यांनी फोनचा स्पीकर लावला, म्हणजे पाणीसाहेबांनाही ऐकू जाईल. पार्किंगमध्ये रेंज येऊन जाऊन होती.

"धाकट्या, गळती थांबवली बरं का! आधी अंडं घातलं, मग—"

"काय घातलं?"

"अंडं. रेडिएटरमध्ये. पांढरा बलक फक्त."

पलीकडे कुणाला तरी ठसका लागल्यासारखा आवाज आला. मग धाकटा म्हणाला, "भावजी, आता त्या रेडिएटरवर पाणी सोडा! मी—" आणि रेंज गेली.

अप्पा फोनकडे बघत राहिले. "वर सोडा म्हणाला? आत नाही?"

"वर म्हणाला. मी माझ्या कानांनी ऐकलं," पाणीसाहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. पाणीसाहेबांची सगळी नोकरी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात गेली होती. कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं आणि कुठल्या गल्लीने बोंबललं तरी नाही सोडायचं, हे त्यांच्या हातात असायचं. निवृत्त झाल्यापासून त्यांना पाणी सोडायला कुणी म्हणून सांगितलं नव्हतं. "बाहेरून थंड करायचा असेल. तुम्ही बॉनेट उघडून धरा. बाकी माझ्यावर सोपवा."

अप्पांना मनातून शंका होती. पण ते शब्दाला धरून चालणारे गृहस्थ होते. वर म्हणजे आत नव्हे, या भेदावर त्यांनी कित्येक दावे निकालात काढले होते. मेकॅनिकने वर म्हटलं असेल तर वरच.

पाणीसाहेबांनी बागेचा लांब पाइप जोडला, नळ पूर्ण उघडला, अंगठ्याने पाइपाचं तोंड दाबलं आणि खात्यातल्या जुन्या दिमाखात पाणी सोडलं. रेडिएटरवर सोडलं, मग कुठेच कमी पडायला नको म्हणून इंजिनावर सोडलं, वायरींवर सोडलं, बॅटरीवर सोडलं. सेक्रेटरी येऊन उभे राहिले. अप्पांचा हात सवयीने पाना लपवायला शर्टाकडे गेला. पण सेक्रेटरींनी समाधानाने मान हलवली. "हं. धुणं म्हणजे देखभाल. याला हरकत नाही." दोन दिवसांत नियमात बसलेलं तेवढं एकच काम, आणि त्यानेच घात केला.

अप्पांनी किल्ली फिरवली. गाडी एकदा खाकरली. दुसऱ्यांदा नुसतीच टिक् म्हणाली. तिसऱ्यांदा तिने तेवढीही तसदी घेतली नाही.

"प्रेशर कमी पडलं का?" पाणीसाहेबांनी विचारलं.

अप्पा उत्तर देणार तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. बाई खाली आल्या होत्या. ठेवणीतले कपडे, नव्या चपला, केसांना काहीतरी वेगळं केलेलं. हातात वह्यांची पिशवी नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं हे त्यांना कळत नसल्यासारखं दिसत होतं. त्यांनी उघडं बॉनेट पाहिलं, पाण्याचे ओघळ पाहिले आणि अप्पांचा चेहरा पाहिला.

"चालू होत नाहीये का?"

"होईल. वाळली की होईल. अगं, मी टॅक्सी—"

"नको. बसची वेळ झालीये. बसने जाते मी. सवय आहे."

त्या चिडल्या असत्या तर अप्पांना बरं वाटलं असतं. आदळआपट केली असती, मिक्सरचा विषय काढला असता, तर चार शब्द बोलता आले असते. पण त्या पर्स खांद्याला अडकवून फाटकाकडे चालायला लागल्या, रोजच्यासारख्या, जरा डावीकडे झुकून, त्या न आणलेल्या पिशवीच्या वजनाने. अप्पांना रडू फुटायचंच बाकी राहिलं. आयुष्यात या बाईने एक गोष्ट मागितली, आणि आपण तीसुद्धा नामंजूर केली, असं त्यांच्या मनात आलं.

बाई फाटकाबाहेर पडणार एवढ्यात समोरून गॅरेजची व्हॅन आत आली. धाकटा उडी मारून उतरला. त्याच्या काखेत एक रेडिएटर होता.

"ताई, कुठे चाललीस? दुसरा घेऊन आलो ना मी. फोनवर सांगितलं तसं." मग त्याने गाडीकडे पाहिलं. इंजिनावरून अजून पाणी ठिबकत होतं. "भावजी, हे काय?"

"तूच म्हणालास की पाणी सोडा," अप्पा म्हणाले.

"रेडिएटरवर पाणी सोडा म्हणालो! म्हणजे त्याचा नाद सोडा, तो गेला असं समजा, मी दुसरा आणतो!"

पाणीसाहेब पाइप गुंडाळता गुंडाळता पुटपुटले, "मग तसं स्पष्ट बोलायचं ना माणसाने. आमच्या खात्यात असली संदिग्ध भाषा चालत नसे."

"तरी गळत नाहीये," अप्पांनी शेवटचा किल्ला लढवला. "बघ, खाली वाकून बघ. एक थेंब नाही."

"गळेल कसं, भावजी? वर सोडलंत सगळं. आत पाणी आहेच कुठे?"

तेव्हा मात्र बाईंच्या तोंडाचा कोपरा जरासा हलला. धाकट्याने सांगितलं की सगळं वाळवून नवा रेडिएटर बसवायला रात्र होईल. ताईने त्याच्या व्हॅनमध्ये बसावं, पाच मिनिटांत निघू. व्हॅनच्या पुढच्या सीटवर ग्रीसचा डबा होता आणि त्याखाली ग्रीस. बाईंनी तिकडे पाहिलं, मग आपल्या गाडीकडे पाहिलं.

"दोर आहे का तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग बांध. मी आपल्या गाडीतूनच जाणार."

अशा रीतीने मिरवणूक निघाली. पुढे व्हॅन, मागे दोराला अप्पांची गाडी, स्टिअरिंगवर स्वतः अप्पा, शेजारी बाई आणि मागच्या सीटवर पाणीसाहेब, कारण या प्रकरणात आपलीही काही जबाबदारी आहे असं त्यांना वाटत होतं आणि समारंभात खायला असणार असंही वाटत होतं. इंजिन बंद असल्यामुळे ब्रेक दगडासारखा जड झाला होता; धाकट्याने दोन्ही पाय लावून दाबायला सांगितलं होतं. अप्पा दोन्ही पाय लावून, घामाघूम होऊन, पण ताठ मानेने गाडी चालवत होते. चौकात शेजारच्या स्कूटरवाल्याने विचारलं, "काका, गाडी बंद आहे का?" अप्पांनी काच वर केली.

शाळा चढावर होती. फाटक दहा-पंधरा पावलं राहिलं असताना चढावर दोर ताणला गेला आणि तुटला. व्हॅन आत गेली. अप्पांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरला आणि डोळे मिटून घेतले.

फाटकाशी बाईंचे जुने विद्यार्थी हार-गुच्छ घेऊन थांबले होते. कुणाचं टक्कल पडलेलं, कुणाचं पोट सुटलेलं, एकीच्या कडेवर तिचं स्वतःचं पोर. त्यातला एकजण ओरडला, "अरे, बाई आहेत! बाईंची गाडी बंद पडली!" आणि सगळा घोळका धावत गाडीमागे आला. बाईंनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं, आणि इतक्या वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली.

"रांगेत! दोघादोघांनी उभे राहा! धक्काबुक्की नको!"

"बाई," मागून कुणीतरी म्हणालं, "आज धक्काच द्यायचाय!"

एकच हशा पिकला. गाडी हलली आणि चढ चढून वर आली, इतक्या हातांनी ढकललेली की अप्पांना करायला काही उरलंच नाही. बरोबर फाटकाशी बाईंनी दार उघडलं, एक पाय खाली ठेवला, मग दुसरा. उभ्या राहून त्यांनी कपडे सारखे केले. मग वाकून आत बघत म्हणाल्या, "उतरले हो मी." अप्पांनी मान हलवली. मग त्यांनी उगाचच हॅन्डब्रेक ओढला. तो त्यांनी गाडी थांबताच ओढला होता.

परतताना अंधारून आलं होतं. दोराला गाठ मारली होती, धाकटा व्हॅन हळू चालवत होता. पाणीसाहेब भरपूर खाऊन मागच्या सीटवर घोरत होते. बाईंच्या मांडीवर गुच्छ होते.

"उद्या सकाळी उठून मी करू काय?" त्या एकदम म्हणाल्या.

अप्पांना म्हणायचं होतं की उद्या रजा टाकतो, आपण दोघं कुठेतरी जाऊ, आणि म्हणायचं होतं की आज तू फार छान दिसत होतीस. पण इतक्या वर्षांत असलं काही म्हणायची सवय राहिली नव्हती, त्यामुळे भलतेच शब्द बाहेर पडले.

"मी म्हणतो," ते डोळे पुसत म्हणाले, "या गाडीवर आता पाणी सोडलेलंच बरं."

मागच्या सीटवर घोरणं थांबलं. पाणीसाहेब ताडकन उठून बसले.

"सोडतो की!" ते म्हणाले. "पाइप आणलाय ना?"

बाई हसायला लागल्या. आधी तोंडावर हात धरून, मग हात सोडून, मग गुच्छात तोंड खुपसून, आणि मग अप्पाही हसायला लागले, दोन्ही पाय ब्रेकवर ठेवून. मागची गाडी एकाएकी इतकी जड का झाली म्हणून धाकट्याने पुढून दोनदा हॉर्न वाजवला, पण त्याला उत्तर द्यायला कुणालाच दम उरला नव्हता.